खामगावातला समुद्र

आमचे सर कुठलीही गोष्ट आधी चाटून पाहत. खडू, गारगोटी, पावसात भिजलेली वीट, प्रयोगशाळेच्या खिडकीचा गज, काहीही. नव्याने आलेल्या एका प्राध्यापकांशी त्यांची ओळख करून दिली तेव्हा त्या गृहस्थांनी घाबरून हात मागे घेतला, असं कॉलेजात सांगत. ते खोटं असावं. पण शेगावच्या स्टेशनावर मालगाडीतून सांडलेला एक पांढरा खडा त्यांनी उचलला, जिभेला लावला आणि "तुरटी" म्हणून खिशात टाकला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी म्हटलं, "सर, विष असतं तर?"

"मंग तुले कळलं असतं ना, ते विष हाय म्हणून. शास्त्र पुढं गेलं असतं."

मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर होतो. खामगावच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभाग म्हणजे सर, मी आणि सुखदेव नावाचा शिपाई. माझं गाव संग्रामपूरकडं, पूर्णेच्या अंगाला. घरात माझ्याआधी चौथीच्या वर कोणी गेलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो तेव्हा दाराच्या चौकटीवर खडूने माझं नाव लिहून पुढं पदवी लिहिली, आणि पुसट झाली की पुन्हा गिरवायचो. त्याची मला आजही लाज वाटत नाही. आमचा बा मात्र चारचौघांत म्हणायचा, "पोरगा शिकून शिकून लागला कायले, त बेंडकं कापाले."

बाचा आणखी एक राग होता, तो पाण्यावर. आमचा तो सगळा पट्टा खारपाणाचा. बाने मोठ्या हौसेने मळ्यात विहीर खणली होती. पाणी लागलं, माणसं जमली, बाने ओंजळभर तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. वांगी-मिरचीचा बेत तिथंच राहिला. त्या विहिरीला तो "मेलेली हीर" म्हणायचा. कुणी तिच्याकडं पाहिलं तरी त्याला आवडत नसे.

तर सर. महाराष्ट्र राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि सरांनी त्यातून स्वतःपुरता एक अर्थ काढला होता. वर्गात फळ्यावर तारामासा काढता काढता ते मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "पयले आपली राजधानी नागपूर. तिथं कुठला समुद्र? आता मुंबई आपली, म्हणजे समुद्र आपला. आन् आपल्या पोरायले तो दिसते कुठं, त बाटलीत." बाटलीतला समुद्र आम्हा सगळ्यांना पाठ होता. फॉर्मॅलिनमध्ये पडलं की तारामासा काय, झिंगा काय, सगळ्यांचा रंग जुन्या धोतरासारखा होतो.

स्वतः सरांनी समुद्र पाहिला तो केस पिकायला लागल्यावर. कुठल्याशा शिबिराला मुंबईला गेले होते. सुखदेव बरोबर होता. तो सांगायचा, "सर बुटासकट आत गेले. मी वरडून राह्यलो, सर, बूट, बूट. त सर कायचे ऐकतेत. वाकून वाकून पाणी चाखून राह्यले, जसं काई भाजीत मीठ बरोबर हाय का पाहून राह्यले."

तिथून आल्यावर त्यांनी जाहीर केलं की खामगावात समुद्र आणायचा. खारा, जिवंत, काचेतून दिसणारा.

आमचे प्राचार्य पुण्याकडचे, स्वच्छ आणि नेमके. त्यांनी कोपऱ्यातली खोली दिली, पण बोलून घेतलं. "स्नेहसंमेलनापर्यंत ठेवा. संस्थेचे अध्यक्ष येतील तेव्हा दाखवण्याजोगं असेल तर खोली तुमची. नाहीतर मला ती टायपिंगच्या वर्गाला द्यावी लागेल, आणि टाकी मोडावी लागेल." सर इतके खूश होते की त्यांनी या वाक्याचा पहिलाच अर्धा भाग ऐकला. दुसरा मी ऐकला.

टाकीची चौकट जिनिंगमधल्या फिटरने केली. काच एका कापडवाल्याच्या जुन्या शोकेसची. लोखंड गंजू नये म्हणून आम्ही तिघांनी आतून डांबर फासलं, आणि नंतर कितीतरी दिवस सुखदेवच्या कोपरावर ते दिसत होतं. पाण्यात हवा सोडायला यंत्र कुठलं? सरांनी ट्रकची ट्यूब आणली. सायकलच्या दुकानातून ती टम्म फुगवून आणायची, तोंडाला रबरी नळी लावायची, नळीला चिमटा, आणि चिमटा इतका सैल की बुडबुडे एकेक करून सुटावेत. ट्यूब मावळली की सुखदेव ती गळ्यात घालून पुन्हा दुकानाकडं निघायचा. वाटेत कोणी विचारलं, "काऊन बे, गाडी पंक्चर?" तर तो म्हणायचा, "नाई, समुद्राले धाप लागली."

दिवाळीच्या सुट्टीत सर आणि सुखदेव मुंबईला जाऊन समुद्र घेऊन आले. केमिस्ट्रीकडच्या तेजाबाच्या रिकाम्या काचेच्या बरण्या धुऊन त्यांत पाणी, पोत्यात कोकणातली पांढरीशुभ्र रेती, आणि दोन बरण्यांत बोटभर मासे, शंखात राहणारे खेकडे, दगडांना चिकटलेल्या गोगलगाई. जलंबला खामगावची गाडी बदलायची, म्हणून मी उतरवून घ्यायला गेलो होतो. पार्सलच्या बाबूने बरण्यांना टिचकी मारली.

"काय हाय यात?"

"समुद्र," सर म्हणाले.

"वर त तेजाब लिहेल हाय."

"बरणी तेजाबाची. आत समुद्र."

बाबूने सुखदेवकडं पाहिलं. सुखदेव गंभीरपणे म्हणाला, "खरं हाय साहेब. मीच भरला."

टाकी भरली आणि पाणी निवळलं त्या दिवशी आम्ही तिघंही जेवायला गेलो नाही. पांढऱ्या रेतीवर एक शंख पडला होता. तो हळूच उचलला गेला, खालून पाय निघाले आणि शंख चालायला लागला. मी बी.एस्सी.ला खेकड्याचे सगळे अवयव नावानिशी लिहून आलो होतो. पण तो असा चालतो, थबकतो आणि डोळे फिरवून आपल्याकडं पाहतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी घरी गेलो आणि बाला सांगून टाकलं की संमेलनाला तू यायचं. खाऱ्या पाण्यात जित्ते मासे दाखवतो.

बा म्हणाला, "खाऱ्यात काई जगत नाई. मले शिकवू नको."

"येऊन तर पाह्य."

"येईन. पण मेलेले दाखवशीन त घरी येऊन तोंड दाखवू नको." आणि ही गोष्ट त्याने पारावर जाऊन सांगितली, म्हणजे आता सगळं गाव वाट पाहणार.

आता खरी कथा. टाकीतलं पाणी रोज जरासं उतरायचं. हिवाळ्यातली आपली कोरडी हवा, पाणी उडणारच. ते भरून काढायचं कशाने? मी कॉलेजच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची बादली आणली तर सरांनी माझा हात धरला.

"समुद्रात गोडं पाणी? त्याचा अपमान हाय तो. तुया गावच्या हिरीचं पाणी खारं हाय ना?"

"खारं म्हणजे सर, ढोर तोंड फिरवते."

"मंग आण. घरात समुद्र हाय आन् आपण मुंबईले कायले जाचं?"

झालं. दर सोमवारी मी एस.टी.च्या टपावर बाच्या मेलेल्या विहिरीचं पाणी डब्यात भरून खामगावला आणू लागलो. कंडक्टर म्हणायचा, "अख्खी दुनिया गोडं पाणी खाऱ्या गावाले नेते, आन् हा शिकेल माणूस पाहा." मी त्याला समजावून सांगायचो. मला ते पटलेलं होतं. आमच्या पट्ट्यातल्या माणसाला खारं म्हटलं की सगळं खारं एकच वाटतं. ही चूक कोकणातल्या माणसाने कधी केली नसती.

आणि रेती तांबूस पडायला लागली.

आधी खिडकीच्या बाजूला, जसा पांढऱ्या सदऱ्यावर चहाचा डाग. मग तो डाग पसरला. काचेवर चढला, दगडांवर गेला. धूप लागू नये म्हणून आम्ही खिडकीला तरट लावलं, तरी थांबेना. थोड्याच दिवसांत सगळी रेती गंजल्यासारखी तपकिरी झाली. त्याच सुमारास अध्यक्ष कुठल्याशा बैठकीला आले असता आत डोकावले. ते जिनिंगवाले शेटजी. कापसाचं बोंड चिमटीत धरून उजेडाकडं करायचं आणि एका शब्दात भाव सांगायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. टाकीकडंही त्यांनी तसंच डोळे बारीक करून पाहिलं.

"माल नासला, सर. पाऊस लागेल कापसावानी झाला."

एवढं म्हणून ते गेले. प्राचार्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला टायपिंगची टकटक ऐकू यायला लागली.

मग ज्याला त्याला उपाय सुचू लागले. सुखदेव म्हणाला तुरटी फिरवू, पावसाळ्यात गढूळ पाण्याला फिरवतो तशी. प्राचार्य म्हणाले रेती उपसून नळाखाली धुऊन घ्या. केमिस्ट्रीचे सर म्हणाले चिमूटभर ब्लीचिंग पावडर. मी म्हटलं डांबर फुटून लोखंड गंजलं असेल. सर सगळ्यांचं ऐकून घेत होते. मग त्यांनी चिमटीभर रेती काचपट्टीवर घेतली, अर्थात आधी जिभेवर घेतली, आणि मला सूक्ष्मदर्शकाकडं ढकललं.

"पाह्य. गंज हाय का हा?"

मी पाहिलं. सोनेरी, नावेच्या आकाराच्या, काचेच्या लहान लहान डब्या. त्यांवर अशी बारीक नक्षी की सोनाराने हात जोडावेत. आणि त्यातल्या काही सावकाश सरकत होत्या. पुस्तकात मी डायाटम या सूक्ष्म शेवाळाचं चित्र पाहिलं होतं, काळ्या शाईतलं, आणि ते परीक्षेत काढलंही होतं. ते चित्र आता माझ्यासमोर चालत होतं.

"सर, हे... हे सगळं हेच आहे?"

"सगळं हेच. नवी जागा भेटली का पयले हेच येतेत. मंग यायले खाणारे येतेत. मंग बसते सगळं ठिकाणावर."

"पण जाईल केव्हा? संमेलन आलं."

"घाई कोणाले झाली? त्यायले, का तुले?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. नापास झालेल्या पोरालाही तेच, उशिरा येणाऱ्या गाडीलाही तेच. पण यावेळी मला त्यांच्या आवाजात थोडा धीर कमी वाटला. कारण ते जात नव्हतं, वाढत होतं. शिवाय मासे वर येऊन तोंड उघडंमिट करू लागले. एक खेकडा शंख सोडून नागडाच बाहेर येऊन बसला. सर वर्ग संपला की टाकीसमोर स्टूल घेऊन बसायचे. काही चाटेनासे झाले, तेव्हा सुखदेव मला बाजूला घेऊन म्हणाला, "सराचं काई खरं नाई. डाक्टरले दाखवा लागते."

आणि मग एका दुपारी मी जेवून येतो तो सर टाकीच्या वरच्या काठाला तोंड लावून उभे. काचेच्या कडेला पाणी उडून पांढरी खपली धरली होती, ती चाटत होते. मला पाहताच त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गणिताच्या वर्गात फळ्यावरचा खडू थांबला.

"गधे हावो बे आपण! मीठ हाय हे. पाणी उडते, मीठ कुठं उडते? ते आतच राह्यते. आन् आपण रोज वरून आणखी खारं ओतून राह्यलो. लोणचं घालून राह्यलो माशायचं." मग माझ्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, "आन् तुया हिरीत नुसतं मीठ नाई. दगडाचा अर्क हाय. या काचेच्या डब्या बनवाले यायले कच्चा माल पायजे, तो तू आणून राह्यला. यष्टीच्या टपावर बसवून."

दुसरा कोणी असता तर गप्प बसून पाणी बदललं असतं. सर तडक प्राध्यापकांच्या खोलीत गेले आणि सगळ्यांना उभ्या उभ्या आपली चूक सांगितली. इतक्या आनंदाने की नव्या माणसाला वाटावं यांना बक्षीस लागलंय. मग केमिस्ट्रीच्या सरांपुढं हात पसरला. "तुमचं ते ऊर्ध्वपातित पाणी द्या."

केमिस्ट्रीचे सर अशी संधी सोडणारे नव्हते. "गोड्या पाण्याने समुद्राचा अपमान होतो ना?"

"होऊ दे. मी मागतो त्याची माफी."

टाकीतलं थोडं पाणी काढून शुद्ध पाणी घातलं, पाण्याचा खारटपणा सर रोज जिभेने आणि मी घनतामापकाने मोजत गेलो, आणि माझा डबा गावी परत गेला. मासे खाली उतरले. नागडा खेकडा शंखात शिरला. आणि एका सकाळी सुखदेवने मला हाताला धरून ओढत नेलं. तपकिरी रेतीवर पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. वळणावळणाच्या, एकीतून दुसरी निघालेल्या. प्रत्येक रेघेच्या टोकाला एक गोगलगाय. गोगलगाय जिथून गेली तिथली रेती धुतल्यासारखी.

"कोणी लिहून राह्यलं वाटते," सुखदेव म्हणाला. सर हसत होते. खूप दिवसांनी त्यांनी खिडकीचा गज चाटला.

पण गोगलगाई त्यांच्या चालीने चालत होत्या आणि संमेलन आमच्या. संमेलनाच्या दिवशी सकाळी अर्ध्याहून जास्त रेती अजून तपकिरीच होती. सुखदेवने हळूच तोडगा काढला. "सर, खालची रेती पांढरी हाय. उलथण्यानं वरखाली करून देतो. आजचा दिवस चकाचक दिसते." प्राचार्यांनाही ते पसंत पडलं. मीही सरांना म्हटलं, गयावया करून म्हटलं, कारण बा एस.टी.त बसला असेल तेव्हा. "सर, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. अध्यक्षांना दाखवण्याजोगं काही दिसलं नाही तर खोली जाईल."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. "रेती उलथली का या गोगलगायी दबतीन. तुया बापाले सारवेल अंगण दाखवाचं हाय, का समुद्र दाखवाचा हाय?"

मी सुखदेवच्या हातातलं उलथणं घेऊन जागेवर ठेवलं.

बा आला. पांढरा रुमाल बांधून, नवं धोतर नेसून. कॉलेजात पाऊल ठेवायची त्याची पहिलीच वेळ. मी त्याला खोलीत नेलं तेव्हा अध्यक्ष आणि प्राचार्य आधीच टाकीसमोर उभे होते. अध्यक्ष म्हणत होते, "डाग काई गेला नाई, सर." आणि प्राचार्य घड्याळ पाहून म्हणत होते, "ठीक आहे, ठरल्याप्रमाणे सोमवारपासून..."

बाला यातलं काही माहीत नव्हतं. तो सरळ पुढं गेला, टाकीत बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

सरांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. त्यांच्या आधी चाखणारा माणूस त्यांना इतक्या वर्षांत भेटला नव्हता.

"हे त आपल्या हिरीचं पाणी हाय," बा म्हणाला.

"त्याच्याहून खारं हाय, भाऊ," सर म्हणाले.

"आन् हे जित्ते हायेत?"

"जित्ते."

बा उकिडवा बसला. नाक काचेला लावलं. "हा डाग कायचा?"

"गवत हाय. डोळ्याले दिसत नाई इतकं बारीक. नव्या रानात पयले गवतच येते ना, तसं."

"आन् हे त्याच्यावर चरून राह्यलं." बाने गोगलगाईवर बोट ठेवलं. "पाहा ना. गेलं तिथं वाट पडली."

"कुठं?" अध्यक्षांनी वाकून विचारलं.

बाने मागं न बघता त्यांच्या कोटाची बाही धरून खाली ओढलं. "इकडून पाहा भाऊ. तुमची सावली पडून राह्यली."

शेटजी बाशेजारी उकिडवे बसले. आणि नेमका तेव्हा एक मोठा खेकडा एका रिकाम्या शंखापाशी आला. त्याने तो नांगीने फिरवून पाहिला, आत हात घालून चाचपला. मागं सरला, पुन्हा आला. बा दबक्या आवाजात म्हणाला, "सोयरीक जमवून राह्यला." शेटजी म्हणाले, "घर पाहून राह्यला." बाहेर मंडपात ईशस्तवनाच्या मुली उभ्या होत्या. पेटी वाजून थांबली. प्राचार्य दोनदा खाकरले, मग म्हणाले, "साहेब, सगळे खोळंबलेत."

शेटजींनी मागं हात करून त्यांना गप्प केलं. "थांबा ना. बिऱ्हाड बदलून राह्यला तो."

खेकड्याने एकदा इकडंतिकडं पाहिलं आणि झटक्यात जुन्या शंखातून निघून नव्यात शिरला. दोघांनी एकदम श्वास सोडला. शेटजी उठले, गुडघे झटकले आणि प्राचार्यांना म्हणाले, "टायपिंग व्हरांड्यात घ्या. हवा चांगली लागते तिथं."

व्हरांड्यातली ती टकटक मी पुढं बरीच वर्षं ऐकली, आणि मला ती कधी कर्कश वाटली नाही.

बा मात्र तिथंच बसून होता. मला म्हणाला, "तू हे करतं इथं?"

"हाव."

"मंग बेंडकं कवा कापतं?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सरांकडं वळला. "सर, खाऱ्यात एवढं जगते, त मंग आपल्या हिरीत काऊन काई नाई?"

असा प्रश्न सरांना विचारू नये. त्यांनी बक्षीस समारंभ सोडला, सूक्ष्मदर्शक पेटीत घातला, पेटी मांडीवर घेतली आणि आमच्याबरोबर एस.टी.त बसले. कंडक्टरने पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि तिकिटं फाडली.

सकाळी मळ्यात सर विहिरीच्या काठावर पोटावर पडून दोरीने बाटली आत सोडत होते, आणि बा मागून त्यांचे पाय धरून बसला होता. बाटली वर आली. सरांनी एक घोट घेतला, मान डोलावली, थेंब काचपट्टीवर ठेवला आणि बराच वेळ स्क्रू फिरवत राहिले. मग बाजूला झाले.

"या भाऊ. तुम्ही पाहा."

बाने एक डोळा तळहाताने झाकला आणि दुसरा नळीला लावला. तसाच वाकून राहिला. मला वाटलं, त्याला दिसत नसेल, म्हणून मी पुढं झालो, तर त्याने कोपराने मला मागं सारलं. मग डोळा न काढताच बांधावरच्या आईला हाक मारली.

"अवं, इकडं ये. आपल्या हिरीत कोणीतरी राह्यते."